अडुसष्ट किलो

वॉर्डात नवीन लागलेल्या प्रत्येक मुलीला मावशी पहिल्याच दिवशी बजावत, "पेशंट एकटीने उचलायचा नाही. कितीही हलका दिसू दे, कितीही घाई असू दे. दोघींनी मिळून, गुडघ्यात वाकून, पाठ सरळ ठेवून. एकदा पाठ गेली की कुणी विचारत नाही, सिस्टर नाही आणि डॉक्टर तर नाहीच नाही." सव्वीस वर्षं त्या हे सांगत आल्या आणि सव्वीस वर्षं वॉर्डात त्यांनी स्वतः ते तंतोतंत पाळलं. घरी मात्र अकरा वर्षं त्या रोज सकाळी नवऱ्याला एकटीने उचलत होत्या. शहाणपण कामावर वापरून संपतं, घरी न्यायला उरत नाही, असं मावशींच्या बाबतीत तरी म्हणायला हरकत नाही.

नवरा पूर्वी मालधक्क्यावर वजनकाट्यावर होता, म्हणून सगळे त्याला काटेवाले म्हणत. हमाल पाठीवर पोतं घेऊन दारातून आत आला की त्याचे गुडघे किती वाकलेत ते बघून काटेवाले आकडा सांगून मोकळे व्हायचे. काटा नंतर बघायचा तो केवळ वहीत लिहायला. फरक पडलाच तर अर्ध्या किलोचा, आणि तो काट्याचा दोष, असं ते छाती ठोकून सांगत. मग एका सकाळी दाढी करता करता ते आरशासमोरच खाली बसले. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. आयुष्यभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या माणसाकडे दोन शब्द उरले, "हं" आणि "चल". आकडे तेवढे डोक्यात शाबूत राहिले. ते डाव्या हाताच्या बोटांनी दाखवत, आधी दशक, मग एकक; पाचाच्या वरचा आकडा असला की पंजा दोनदा उघडून.

पलंगावरून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायची त्या दोघांची एक ठरलेली रीत होती. मावशी आपला गुडघा त्यांच्या दोन गुडघ्यांमध्ये घालत. त्यांचा डावा हात मावशींच्या मानेभोवती यायचा, हनुवटी खांद्यावर टेकायची. "एक... दोन... आणि," असं मावशी म्हणत, आणि त्या 'आणि'ला काटेवाले चांगल्या पायाने जोर लावत. मग टाचेवर अर्धी गिरकी घेतली की खुर्ची. त्या अर्ध्या गिरकीत मावशी रोज एक आकडा फेकत.

"आज बहात्तर. रात्री काय चोरून खाल्लंत?"

खुर्चीत टेकले की काटेवाले गंभीर चेहऱ्याने बोटं दाखवत. आधी सहा, मग आठ. अडुसष्ट. कधी मावशी मुद्दाम साठ म्हणत, कधी थेट शंभर. ते दर वेळी अडुसष्टच दाखवत आणि डाव्या बाजूच्या अर्ध्या ओठाने हसत. मूलबाळ नव्हतं, येणंजाणं बेताचं. दिवसभरात दोघांचं एकमेकांना जवळ घेणं म्हणाल तर ते एवढंच होतं. दुसऱ्या कुणाला मदतीला घेतलं असतं तर पाठ वाचली असती, हे मावशींना कळत नव्हतं असं नाही. पण मग ते दोघांचं राहिलं नसतं.

पाठीने आधी सूचना दिल्या होत्या. दोन वर्षं कंबर धरत होती. मग डाव्या पायातून मुंग्या, मग पाऊल बधिर. चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही, वॉर्डातून एक पाय अनवाणी फिरल्यावर कुणीतरी सांगायचं. मावशींनी कानाडोळा केला. शेवटी एका सकाळी 'आणि' म्हटलं, त्यांनी जोर लावला, आणि मावशींचा डावा पाय काही न सांगता दुमडला. दोघंही सावकाश जमिनीवर बसली, एकमेकांना धरूनच. लागलं कुणालाच नाही. आधी दोघं हसली. मग मावशी उठायला गेल्या आणि त्यांना उठता येईना. शेजारीण वर्तमानपत्र मागायला येईपर्यंत दोन तास ती दोघं तशीच पलंगाला टेकून बसून होती. दुसऱ्या तासात कुणी हसलं नाही.

मणक्याचे डॉक्टर मावशींच्या ओळखीचेच होते. रोज राउंडला यायचे. पाठीचा फोटो उजेडावर धरून त्यांनी एका जागी बोट ठेवलं.

"मावशी, चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकलाय. पायाची नस त्यात चेंगरते आहे. दोन मणके स्क्रू आणि सळ्यांनी जखडावे लागतील, मध्ये हाड भरायचं. ते हाड एकजीव झालं की तुम्ही चालाल. नाही केलं तर पाय जाईल." मग त्यांनी चष्मा काढला. "एवढं तुम्ही उचलत काय होता?"

"पेशंट," मावशी म्हणाल्या.

"आता पुढे नाही. तीन महिने पाच किलोच्या वर काही नाही. त्यानंतर दहा. माणूस मात्र कधीच नाही. वाकायचं नाही, उचलायचं नाही, कमरेतून वळायचं नाही. हे मी तुम्हाला सांगायला हवं का?"

सांगायला नकोच होतं. हेच तीन नियम मावशींनी शेकडो पेशंटांना पाठ करून घेतले होते. पण 'कधीच नाही' हे शब्द त्या पहिल्यांदाच पलंगाच्या या बाजूने ऐकत होत्या. जिना उतरताना त्यांच्या डोक्यात आपली पाठ नव्हती, पायही नव्हता. आता ह्यांना खिडकीपाशी कोण बसवणार, एवढंच होतं.

मग तयारी. दुखण्याच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद, कारण त्यांनी रक्त पातळ होतं. तंबाखूही बंद, कारण तंबाखू खाणाऱ्याचं हाड लवकर जुळत नाही. तीस वर्षांची पुडी मावशींनी एका दुपारी कचऱ्यात टाकली आणि पुढचे चार दिवस दिसेल त्याच्यावर खेकसल्या. घरातलं सगळं कमरेच्या उंचीवर आणून मांडलं. डबे, साबण, चार कपडे. खालच्या फळीवरचं आणि वरच्या फळीवरचं आता असून नसल्यासारखं. जमिनीवरची वस्तू उचलायला लांब दांड्याचा चिमटा आला. राहिले काटेवाले. त्यांना तीन महिने त्यांच्या धाकट्या बहिणीकडे ठेवायचं ठरलं. ती सहा तासांच्या अंतरावर राहायची. नणंद जिवाला जीव देणारी होती, तिच्याकडे तिचे दोन धडधाकट मुलगे होते, त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं.

न्यायला गाडी आली त्या सकाळी काटेवाले पलंगावर तयार होऊन बसले होते. मावशींनी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं, पाच किलो, मग दहा. काटेवाल्यांनी आपल्या छातीवर बोट ठेवलं आणि भुवया वर केल्या. मी? मला कधी?

खरं काय ते सांगायची हीच वेळ होती. पण बाहेर गाडी थांबलेली, नणंद पिशव्या मोजत होती, आणि त्यांचा तो अर्धा चेहरा असा उत्तराकडे डोळे लावून बसलेला. मावशी नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "अहो, तुम्ही अर्धे होऊन या. मग उचलते की."

काटेवाले अर्ध्या ओठाने हसले. "हं," म्हणाले. भाच्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवलं. मावशी दारातून आत वळल्या तोवर आपण काय बोललो ते विसरूनही गेल्या होत्या. अकरा वर्षांत वजनावरून केलेल्या हजारो थट्टांमधली ती एक.

ऑपरेशन सहा तास चाललं. शुद्धीवर आल्यावर पाठीत कुणीतरी दार बसवून खिळे मारलेत असं मावशींना वाटलं. कुशीवर वळवायला दोन मुली आल्या. दोघी त्यांनीच शिकवलेल्या.

"मावशी, ओंडक्यासारखं वळायचं हं. खांदे आणि कंबर एकदम."

"मला शिकवतेस होय?" मावशी म्हणाल्या खऱ्या, पण आवाज कुठल्या कुठे. "आणि तू चादर धर, मला नको धरूस. चादर कशाला असते मग?"

मुलींनी चादर धरली. वळवताना मावशींच्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी कमरेला पट्टा बांधून उभं केलं. व्यायाम करून घेणारी मुलगी कोवळी आणि कडक होती. तिने आधी पलंगाच्या कडेला बसवलं, मग म्हणाली, "माझ्या खांद्यावर हात ठेवा. एक, दोन, आणि..." मावशींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना रडू फुटलं. ती बिचारी घाबरली, फार दुखतंय का म्हणून विचारत राहिली. मावशी मान हलवत राहिल्या. दुखत तर होतंच, पण ते रडणं त्याचं नव्हतं. आपण कुणाच्या तरी गळ्यात पडून उठतोय, आणि आपल्या गळ्यात पडून उठणारा माणूस सहा तासांवर आहे, याचं ते होतं.

घरी आल्यावर दिवस चालण्यात जाऊ लागले. आधी पलंगापासून दारापर्यंत, मग गल्लीच्या पहिल्या दिव्यापर्यंत, मग दुसऱ्या. सरळ, ताठ, मान न वळवता. हाक मारली तर मावशी आख्ख्याच्या आख्ख्या वळत. गल्लीतली पोरंसोरं त्यांना इन्स्पेक्टर म्हणू लागली. चिमट्याने पहिल्या महिन्यात त्या मोजाही उचलू शकत नव्हत्या, तिसऱ्यात जमिनीवरचं शर्टाचं बटण उचलायला लागल्या. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर त्या कधी बसल्या नाहीत.

रोज संध्याकाळी फोन व्हायचा.

"हे जेवतात ना?"

"जेवतो ना वहिनी. तुम्ही काळजी करू नका. तुम्ही आधी बऱ्या व्हा."

मग नणंद फोन त्यांच्या कानाला लावायची. मावशी दिवसभराचं सांगत, आज किती दिवे झाले, पाऊल कसं जागं होतंय. पलीकडून "हं" यायचं. कधी "चल" यायचं, आणि ते ऐकून मावशींना बळ चढायचं. तो "चल" दिवसेंदिवस बारीक होत गेला, ते त्यांनी फोनच्या माथी मारलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी फोनवर सांगितली नाही. वॉर्डाच्या सिस्टरांनी भांडारात धूळ खात पडलेलं पेशंट उचलायचं जुनं यंत्र मिळवून दिलं होतं. चाकांवरचा लोखंडी उभा दांडा, त्याला पुढे आलेला हात, त्यातून लोंबणारी कापडी झोळी. दांड्याखालचा दट्ट्या पायाने दाबत राहायचं, की माणूस अलगद वर येतो. ना वाकणं, ना उचलणं. वॉर्डातल्या मुलींनी वाळूच्या पिशव्या आणून दिल्या. दोन भरल्या होत्या तीस तीस किलोच्या, एक आठची. मावशींनी त्या झोळीत ठेवायला लावल्या आणि पंधरा दिवस रोज पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर, असं अडुसष्ट किलो फिरवलं. ह्यांना आल्यावरच दाखवायचं, त्यांनी ठरवलं. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला बघायचाय. एवढी एक हौस त्यांनी केली.

तीन महिन्यांनी फोटो काढला. हाड छान जुळत होतं. डॉक्टर खूश झाले, मावशींनी त्याच दिवशी नणंदेला फोन करून गाडी ठरवायला सांगितली. पलीकडून नणंद "वहिनी, तो जरा खराब झालाय हं," एवढंच म्हणाली.

भाच्यांनी काटेवाल्यांना आत आणलं तेव्हा दोघांची गरज लागली नाही. एकाच भाच्याने कडेवर मूल घ्यावं तसं घेतलं होतं. सदऱ्याच्या गळ्यातून मानेखालची हाडं वर आली होती. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. मावशी दारात ताठ उभ्या राहिल्या, वाकायचं नाही म्हणून नव्हे, त्यांना हलताच येईना.

पलंगावर ठेवल्यावर काटेवाल्यांनी त्यांच्याकडे बघितलं. डोळे मात्र चमकत होते, परीक्षेचा निकाल घरी घेऊन आलेल्या पोरासारखे. डावा हात कष्टाने वर आला. चार बोटं. मग एक. एकेचाळीस. मग त्यांनी मान जरा तिरकी केली, थांब थांब अशी, आणि आणखी सात बोटं दाखवली, आधी पाच, मग दोन. आणि अर्ध्या ओठाने हसले.

"चल," ते म्हणाले.

मावशींनी हिशेब केला नाही, तो आपोआप झाला. एकेचाळीसातून सात गेले की चौतीस. अडुसष्टचे अर्धे चौतीस.

"तुम्ही मनावर घेतलंत?" त्या म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता पण फार लांबून आला. "अहो, मी थट्टा केली होती. मी रोजच करते ना थट्टा."

काटेवाल्यांना कळलं नाही. किंवा कळून घ्यायचं नव्हतं. त्यांनी हात मावशींच्या मानेच्या दिशेने पुढे केला.

मावशी कोपऱ्यातलं यंत्र ओढून घेऊन आल्या. दुसरं काय करावं ते सुचलं नाही. "हे बघा, हे आणलंय तुमच्यासाठी. आता काही अडचण नाही. किती का वजन असेना." काटेवाल्यांची नजर दांड्यावरून खाली गेली आणि सवयीने पत्र्याच्या छोट्या पाटीवर थांबली. वजन उचलण्याची मर्यादा, एकशे पन्नास किलो. त्यांनी ती पाटी वाचली. मग आपल्या मनगटाकडे बघितलं, मग पुन्हा पाटीकडे. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

नणंद मागच्या खोलीत रडत होती. तो तोंडच उघडत नव्हता, वहिनी. घास दिला की दात घट्ट. तिथल्या डॉक्टरांनी नळी घातली, ती याने रातोरात उपटली. तुमची आठवण काढतोय असं वाटलं. तुमच्या पाठीची जखम ओली होती, तुम्हाला कसं सांगणार? माझंच काहीतरी कमी पडलं. मावशींनी ऐकून घेतलं. दोन दिवस त्यांनी तिला तसंच रडू दिलं, कारण खरं सांगायची त्यांची छाती होईना. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना त्यांनी तिला सगळं सांगितलं. नणंदेने चहाचा कप हातातून खाली ठेवला. दुपारच्या गाडीने ती परत गेली. तिचा राग अजूनही गेलेला नाही, आणि मावशींना तो जावा असं वाटतही नाही.

काटेवाले आता जेवायला तयार होते. मावशींनी घास पुढे केला की आज्ञाधारकपणे तोंड उघडत. पण गिळण्याची ताकदच गेली होती. दोन चमचे सूप आत गेलं की ठसका लागायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं. चार सकाळी मावशींनी त्यांना यंत्राने खुर्चीत बसवलं. यंत्र चांगलं होतं, कुरकुर नाही की हिसका नाही. झोळीत लोंबकळत ते छताकडे बघत राहायचे, आणि मावशी दोन हात लांब उभ्या राहून पायाने दट्ट्या दाबायच्या. त्या अर्ध्या गिरकीत सांगायला आकडा कुणाकडेच नव्हता.

पाचव्या सकाळी मावशींनी यंत्र कोपऱ्यातच ठेवलं. पट्टा घट्ट केला आणि पाठ भिंतीसारखी सरळ ठेवून त्या पलंगाच्या कडेला, त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांचा डावा हात उचलून आपल्या मानेभोवती घातला. त्याला वजन असं नव्हतंच. त्यांची हनुवटी खांद्यावर आली.

"एक," मावशी म्हणाल्या. "दोन. आणि."

कुणी उठलं नाही. खांद्याला त्यांचा श्वास लागत होता, आत कुठेतरी घरघर होती.

"अडुसष्ट," मावशी म्हणाल्या.

काटेवाल्यांनी खांद्यावरच मान हलवली. नाही. बोटं मावशींच्या पाठीवर हलली, चार, मग एक.

"काट्यात दोष असेल," मावशी म्हणाल्या. "अडुसष्टच भरलेत."

थोड्या वेळाने ते "हं" म्हणाले.

त्याच संध्याकाळी ताप चढला. छातीत पाणी झालं होतं. वॉर्डात सहा दिवस काढले. सिस्टरांनी खिडकीजवळचा पलंग दिला. मावशी शेजारी उंच खुर्चीवर ताठ बसून राहिल्या. अर्धं व्हायला सांगणारी मी, आणि शब्दाला जागणारे हे, असं त्या सहा दिवसांत त्यांनी मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "मी तोंड बंद ठेवलं असतं तर?" डॉक्टरांना प्रश्नच समजला नाही. सातव्या दिवशी सकाळी, तापमान घ्यायच्या वेळेला, काटेवाले गेले.

सगळं उरकल्यावर चाकांचं स्ट्रेचर आलं. त्या दोघी मुली आल्या, मावशींना ओंडक्यासारखं वळवणाऱ्या. एक डोक्याकडे गेली. दुसरी रजिस्टर आणायला निघाली होती.

"तू राहू दे," पहिली तिला हळूच म्हणाली, "मी एकटी घेईन. काहीच वजन नाही यांचं."

मावशी खुर्चीतून उठल्या. आधी पुढे सरकून, मग पाय जवळ घेऊन, पाठ सरळ ठेवून, शिकवलं होतं तसं.

"एकटीने उचलायचं नाही," त्या म्हणाल्या. "इकडे ये गं. दोघी मिळून धरा. गुडघ्यात वाका. अडुसष्ट किलो आहेत ते."

मुलींनी एकमेकींकडे बघितलं. मग चादरीच्या कडा घट्ट गुंडाळून मुठीत धरल्या, दोघी गुडघ्यात वाकल्या, आणि मावशी मोजतील म्हणून थांबल्या.